समुद्रकाठची शांतता

हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव आणि होड्यांची गडबड मागे टाकून मी मुरुडला आलो, तेव्हा प्रवासी मनुष्याच्या तोंडी येते तेच माझ्याही तोंडी आले : काय ही शांतता! चिऱ्यांचे गडगे, आत नारळी-पोफळी, दुर्गादेवीचे देऊळ आणि वाड्यांपलीकडे लांबच लांब पुळण. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही नव्हते.

पण शांतता हा गावाचा गुण म्हणावा काय? मी शाळामास्तर आहे. मुले गणितात रमली म्हणजे वर्ग शांत असतो. छडी टेबलावर ठेवली म्हणजेही शांतच असतो. दारावरून जाणाऱ्याला दोहोंतला फरक कळत नाही.

दापोली तालुक्यातले हे मुरुड महर्षी कर्व्यांचे गाव. धोंडो केशव कर्वे इथे वाढले. गावाच्या हितासाठी त्यांनी मुरुड फंड उभा केला. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनाही त्याची झळ लागली. त्या दिवसांतही समुद्र असाच गाजत असेल, पोफळी अशाच डुलत असतील. एखादा वाटसरू तेव्हा इथल्या ओटीवर टेकला असता, तर तोही म्हणाला असता : काय ही शांतता!

मुरुडला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या काळी दुसरे गाव तरी निराळे कुठे वागले असते? सांगायचे ते इतकेच, की बहिष्काराला आरडाओरडा लागत नाही. बोलावणे येत नाही, पंगतीत पान मांडले जात नाही, समोरून येणारा वाट बदलतो. सारे कसे निमूट चालते.

कर्व्यांनी गावाशी वैर धरले नाही. पुण्यास राहून १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली, १९१६ साली महिला विद्यापीठ. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळाले. आपल्याला पटले ते करून मोकळे झालेल्या माणसाच्या मनाला जी स्वस्थता येते, ती निराळी. कुणी काही बोलू नये म्हणून गाव राखते ती शांतता निराळी.

तेव्हा प्रवासात एखादे गाव शांत वाटले, तर वाचकहो, एवढेच पाहावे : चारचौघांना न पटणारे करून बसलेल्या माणसाला इथे संध्याकाळी कुणाच्या ओटीवर बसायला जागा मिळते का? मिळत असेल, तर त्या गावात खुशाल भांडणे होवोत, बाजार भरो. मी त्याला शांत गाव म्हणेन.