पालथी बोट

पंडरीच्या कापडबाजारात ठाण उलगडताना पाहावं. कापड उंचवट्यावर टाकलं की अंगासरशी बसतं; खोलगटात टाकलं की झोळ धरतं. रायपूरपासून समुद्र फार लांब, पण बोट पालथी का बांधतात ते मला इथे उमगलं. लाकडी पट्ट्या जोडून झाल्या की त्यांवर काचतंतूंचं कापड अंथरायचं, इपॉक्सी मुरवायचं, वाळल्यावर घासून गुळगुळीत करायचं. तळ आभाळाकडे असेल तरच हे नीट साधतं.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घडवली ती याच रीतीने. जो भाग पुढे कोणाच्या नजरेस पडणार नाही, त्याचेच लाड आधी.

मग उलटवण्याचा दिवस. त्या दिवशी एक फळीही नवी बसत नाही, तरी सगळ्यांचे श्वास अडकलेले. आतल्या आडव्या भिंती नसल्याने कवच अजून लवचीक असतं. उचलायचा पट्टा भलत्या जागी आवळला तर आकारच बिघडेल. म्हणून टेकवायचा पाळणा आधी तयार. कुठे ठेवायचं ते ठरल्याशिवाय उचलायचं नाही.

अर्ध्यापर्यंत ओढावं लागतं. बोट कुशीवर येते, तोल पलीकडे जातो आणि वजन स्वतःच निघतं. तिथून ओढणाऱ्यांचं काम संपलं. आता खरे कामाचे ते पलीकडचे, दोर सोडत सोडत धरून ठेवणारे. खारून नदीकाठचा डोंगा चार जण हातांनी उलटवतात, तेव्हाही हीच घडी येते. आपल्याकडे ओढणाऱ्यांचं कौतुक फार. मला रोखून धरणारे मोठे वाटतात: आपणहून निघालेल्या गोष्टीला सावकाश जाऊ देणं, याला दुप्पट बळ लागतं.

सुलटी झालेली बोट पहिल्यांदा आतून दिसते, ती ओबडधोबड. डेक, डोलकाठी, सगळं बाकी. शिवाय तळाशी वजनदार कील, कारण शेडमध्ये मुद्दाम पालथी घातलेली बोट समुद्रात पालथी पडू नये, पडलीच तर परत सुलटी व्हावी.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकटे जगप्रदक्षिणेला निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. दांडेकरांच्याच यार्डातली लाकडी ‘तुरीया’ सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात पूर्ण उलटून फिरली. डोलकाठी मोडली, ती एकट्याने चालवणाऱ्या अभिलाष टॉमींची पाठ जबर दुखावली. २४ सप्टेंबरला फ्रेंच ‘ओसिरिस’ जहाज पोहोचलं, तोवर ते आत पडून होते आणि बोट तरंगत होती.