ज्यांना विचारलेच नाही

पॅलेस्टाइनचा विषय निघाला की ‘हे वैर हजारो वर्षांचे आहे’ असे म्हणून हात झटकले जातात. प्रत्यक्षात आजचा संघर्ष जेमतेम शतकभराचा आहे आणि त्याच्या मुळाशी धर्मग्रंथांपेक्षा सरकारी कागद अधिक आहेत. त्यांतला निर्णायक कागद म्हणजे २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथस्चाइल्ड यांना धाडलेले पत्र. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभे राहावे, याला त्यात पाठिंबा दिला होता. तो मुलूख तेव्हा ऑटोमन साम्राज्याचा होता आणि तिथली सुमारे नऊ-दशांश वस्ती अरबांची होती. पत्रात मात्र अरबांचे नावही नाही. ‘ज्यूएतर समाज’ एवढीच त्यांची ओळख. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येऊ नये असे म्हटले आहे, राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर नाही. इतर देशांतल्या ज्यूंच्या राजकीय दर्जाला धक्का लागू नये, ही काळजी मात्र त्याच वाक्यात घेतली आहे. तेव्हा ही नजरचूक म्हणता येत नाही.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती, असेही नाही. २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा करणारे भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू स्वतः ज्यू होते. त्याच महिन्यात त्यांनी सहकाऱ्यांना टिपण लिहून पॅलेस्टाइनमधल्या ‘राष्ट्रीय घरा’च्या योजनेला कडाडून विरोध केला. तिच्यामुळे जगभरचे ज्यू आपापल्या देशात परके ठरतील आणि पॅलेस्टाइनमधल्या मुसलमान-ख्रिस्त्यांना बाजूला सारले जाईल, हा त्यांचा मुद्दा होता. माजी व्हाइसरॉय कर्झन यांनीही तिथल्या रहिवाशांचे काय, असे विचारले. तरीही सुवेझ कालव्याची सुरक्षितता आणि अमेरिका व रशियातल्या ज्यूंची सहानुभूती ही युद्धकाळातली गणिते वरचढ ठरली. रहिवाशांचे मत विचारण्याचा आपला इरादाच नाही, हे बाल्फोर यांनी १९१९च्या टिपणात स्पष्टच लिहिले. १९२२मध्ये राष्ट्रसंघाने ब्रिटनला दिलेल्या मॅन्डेटमध्ये हे आश्वासन समाविष्ट झाले आणि पत्राला आंतरराष्ट्रीय कायद्याचे बळ आले.

यावर पहिला आक्षेप असा की ज्यूंची गरज खरी होती. ती होतीच. रशियातल्या कत्तलींनी ती दाखवून दिली होती आणि हिटलरच्या छळछावण्यांनंतर ती नाकारणे माणुसकीला सोडून झाले असते. पण युरोपच्या पापाचे प्रायश्चित्त पॅलेस्टाइनच्या शेतकऱ्याने का घ्यावे, याचे उत्तर त्या गरजेतून मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीची योजना संमत केली, ज्यू नेतृत्वाने ती स्वीकारली आणि अरबांनी धुडकावली. त्या नकाराची आणि १९४८मध्ये अरब राष्ट्रांनी पुकारलेल्या युद्धाची जबाबदारी अरब नेत्यांवर येतेच. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी त्या काळात बेघर झाले. परंतु तीस वर्षे ज्यांच्या संमतीवाचून निर्णय होत गेले, त्यांना शेवटच्या मतदानात मात्र समंजसपणा दाखवायला सांगण्यात आले. फाळणीच्या विरोधात मत देणाऱ्या भारताने संघराज्याचा पर्याय पुढे केला होता. तो चालला असता की नाही, हे ठरवता येत नाही. पण दोन्ही समाजांना राजकीय हक्क देऊन सुरुवात करण्याची दृष्टी त्यात होती.

इस्रायल आज वास्तव आहे आणि तिथे जन्मलेल्या पिढ्यांचा त्या भूमीवरचा हक्क १९१७च्या पत्रावर अवलंबून नाही. म्हणूनच ते पत्र कसे लिहिले गेले हे मान्य करणे म्हणजे इस्रायलचे अस्तित्व नाकारणे नव्हे. त्यातून निघतो तो पुढच्या तडजोडीचा निकष. २०२०च्या अब्राहम करारांत संयुक्त अरब अमिरात आणि बहरीन यांनी इस्रायलशी संबंध जोडले, पॅलेस्टिनींचा प्रश्न होता तिथेच राहिला. अरब राष्ट्रांची सोय पाहून केलेला असा करार व्यापार आणू शकेल. शांतता आणायची तर त्यावर पॅलेस्टिनींचीही सही लागेल.