रिकाम्या पट्ट्याचा हिशेब

२०१२ च्या नोव्हेंबरात टोरांटोच्या जार्विस स्ट्रीटवर पांढरे पट्टे खरवडणारी गाडी आली आणि काही सायकलस्वार तिच्या पुढ्यात बसकण मारून बसले. पट्टे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. २०१० च्या उन्हाळ्यात या रस्त्याची मधली लेन बंद करून दोन्ही कडांना सायकलींसाठी जागा आखली होती. त्यानंतर सायकलींची वर्दळ जवळजवळ तिप्पट झाली. मोटारींना मात्र गर्दीच्या वेळी दोनेक मिनिटं जास्त लागू लागली. तेवढ्यात शहराचा महापौर बदलला. नवे महापौर रॉब फोर्ड यांनी पदावर येताच मोटारींविरुद्धचं युद्ध संपल्याचं जाहीर केलं होतं. त्यांच्या कारकिर्दीत नगरपरिषदेने जार्विसचे पट्टे पुसायचं ठरवलं आणि ते पुसले गेलेही.

त्यानंतर बारा वर्षांनी हाच खेळ मोठ्या पटावर मांडला गेला. रॉब यांचे थोरले भाऊ डग फोर्ड आता ओंटारिओ प्रांताचे प्रमुख आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या सरकारने एक कायदा मंजूर केला. मोटारींची लेन कमी करून सायकल ट्रॅक करायचा असेल, तर कोणत्याही शहराला यापुढे प्रांताची परवानगी घ्यावी लागणार होती. शिवाय टोरांटोतल्या ब्लोअर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन मोठ्या रस्त्यांवरचे ट्रॅक काढण्याची तरतूदही त्यात होती. महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला: ट्रॅक बांधायला सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर लागले होते, काढायला ४ कोटी ८० लाख लागतील. सरकारला हा आकडा फुगवलेला वाटला. सरकारचा आवडता आकडा वेगळाच होता: कामावर सायकलने जाणारे अवघे १.२ टक्के. पण तो जुन्या जनगणनेतला होता आणि दूरदूरच्या उपनगरांसकट अख्ख्या महानगर परिसराचा होता. ब्लोअर स्ट्रीटवर कोण कशाने जातं, हे त्यातून कळत नव्हतं.

आकड्यांपेक्षा डोळ्यांना दिसतं ते जास्त पटतं. सिग्नलला तिसऱ्यांदा अडकलेल्या माणसाला शेजारचा मोकळा पट्टा टोचतो. इथे तुंबलोय आम्ही, आणि तिथे एक सायकल गेली! पण मोटारी थांबतात म्हणून दिसतात. सायकली पुढे सरकतात म्हणून दिसत नाहीत. ज्या मार्गावर कोंडी होत नाही तो बहुतेक वेळ रिकामाच दिसणार. पुण्यात नगर रस्त्यावरच्या बीआरटीवर, म्हणजे बससाठी राखलेल्या लेनवर, लोक याच कारणासाठी चिडायचे. बसच्या लेनमध्ये सारख्या बस दिसत नाहीत, म्हणून ती फुकट गेली. एका बसमध्ये किती माणसं बसली आहेत, हे शेजारच्या मोटारीतून मोजता येत नाही. ती बीआरटीही पुढे उखडली गेली.

दुकानदारांचा अंदाजही असाच चुकतो. ब्लोअर स्ट्रीटच्या ॲनेक्स भागात २००८ साली गिऱ्हाइकांची आणि दुकानदारांची पाहणी झाली होती. पार्किंग गेलं तर धंदा बसेल, ही काही दुकानदारांची भीती होती. प्रत्यक्षात मोटारीने येणारी गिऱ्हाइकं दहा टक्क्यांच्या आसपास निघाली. बऱ्याच दुकानदारांचा अंदाज त्याहून जास्त होता. गिऱ्हाईक पायी येऊन पाव आणि भाजी घेऊन गेलं, तर ते कशाने आलं हे कोण विचारतो? पार्किंग न मिळाल्याने वैतागलेलं गिऱ्हाईक मात्र गल्ल्यावर येऊन कुरकुरतं आणि लक्षात राहतं. २०१६ मध्ये तिथे प्रायोगिक ट्रॅक झाला. पुढच्या पाहणीत त्या पट्ट्यातल्या गिऱ्हाइकांचा खर्च आणि फेऱ्या वाढलेल्या दिसल्या.

मुंबईकरांना हा वाद परका नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली एमएमआरडीएने सायकल ट्रॅक केला आणि २०२५ मध्ये त्याच एमएमआरडीएने तो काढून वाहनांसाठी लेन वाढवायचं ठरवलं. तो फारसा कोणी वापरत नाही, हे कारण खोटं नव्हतं. पण वापरणार कसा? वांद्र्याला किंवा कुर्ल्याला लोकलमधून उतरलेल्या माणसाला तिथवर सायकलने सुरक्षित नेणारी सलग वाट कधी झालीच नाही आणि ट्रॅकवर गाड्या उभ्या राहत गेल्या. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात तर ट्रॅक काढायला ठरावही लागत नाही. आज एक स्कूटर, उद्या हातगाडी, परवा केबलसाठी खोदलेला चर. वर्षभरात ट्रॅक नकाशात उरतो, रस्त्यावर नाही.

टोरांटोत निदान कायदा करावा लागला, आणि कायदा केला म्हणून कोर्टात उत्तरही द्यावं लागलं.

सायकलस्वारांच्या संघटनेने सरकारला न्यायालयात खेचलं. सायकलवर कुरिअर पोचवणारा एक माणूस आणि एक विद्यार्थिनी हेही अर्जदार होते. एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी ट्रॅक काढण्याला तात्पुरती स्थगिती दिली आणि ३० जुलैला निकाल दिला. सायकल ट्रॅक मिळावा असा कोणाचाही घटनात्मक हक्क नाही, हे त्यांनी मान्य केलं. सरकारने ट्रॅक बांधलाच नसता, तर त्याला कोणी जाब विचारू शकलं नसतं. पण बांधलेला ट्रॅक काढला तर माणसं जखमी होतील, मरतीलही, हे माहीत असताना तो काढायचा, आणि ज्या कोंडीसाठी काढायचा ती कमी होईल याचा पुरावाही द्यायचा नाही, हा मनमानीपणा आहे आणि जगण्याच्या व सुरक्षिततेच्या हक्कावर घाला आहे, असं त्यांनी ठरवलं. अपघात वाढतील हा इशारा सरकारने स्वतः नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालातच होता. सरकारने अपील केलं.

या निकालावरचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फोर्ड यांचा पक्ष सलग तिसऱ्यांदा बहुमताने निवडून आला होता. कोणत्या रस्त्यावर किती लेन असाव्यात, हे न्यायाधीशाने ठरवायचं का? एटोबिको या उपनगरात राहणाऱ्या, हिवाळ्यात बर्फातून मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसाची घाईही खरीच आहे. मात्र कोर्टाने लेन मोजल्या नाहीत. त्याने एवढंच विचारलं की हे पाऊल कशासाठी, आणि त्याने ते साधेल कसं? बहुमत हातात असलं म्हणून या प्रश्नाचं उत्तर टळत नाही. ट्रॅक काढला की रस्ता पूर्वीसारखा होतो, असं वरवर वाटतं. पण पूर्वी तिथे धोका होता तो अजाणता. काढल्यानंतरचा धोका सही करून घेतलेला असतो.

त्या धोक्याची एक घटना कायद्याच्या आधीच घडून गेली होती. जुलै २०२४ मध्ये ब्लोअर स्ट्रीटवर, ॲव्हेन्यू रोडच्या जवळ, चोवीस वर्षांची एक तरुणी सायकलवरून चालली होती. तिथे ट्रॅक होता, पण तेवढ्या तुकड्यात बांधकामाचा राडारोडा भरायची लोखंडी पेटी आडवी ठेवलेली होती. ट्रॅक सोडून तिला मोटारींच्या लेनमध्ये यावं लागलं आणि ट्रकखाली ती गेली. त्या वर्षी टोरांटोत सहा सायकलस्वार मेले. ऑक्टोबरात सायकल ट्रॅकवर प्रांताचं नियंत्रण आणणारं विधेयक विधानसभेत मांडलं गेलं. त्याच्या नावात वेळ वाचवण्याचं आश्वासन होतं.