ताण कुणाच्या हातात?

गावाकडच्या तरुणाच्या छातीत कळ आली की घरचे आधी ‘गॅस झाला असंल’ म्हणतात. पुढे कधीतरी रक्तदाब वाढलेला निघतो आणि मग डॉक्टरांपासून मामापर्यंत सगळे एकच सांगतात, ‘टेन्शन घेऊ नको.’ सांगण्यामागची माया खरी असते. पण ताण घ्यायचा की नाही हे त्या मुलाच्याच हातात आहे, असे त्यात धरून चाललेले असते. हृदयविकाराचा विचार करताना आपण चुकतो ते इथे.

मराठी वाचकाला हृदयरोगाकडे बघायला शिकवले ते डॉ. अभय बंग यांनी. 1995 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्या अनुभवातून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक आले. आहार, व्यायाम, ध्यान, स्वतःच्या मनाची तपासणी ही वाट हजारोंना उपयोगी पडली. तिचे मोल कमी होत नाही. मात्र ती चालायला आपल्या दिवसावर आपला थोडा तरी ताबा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात पंचविशी-तिशीतल्या मुलाचा कशावर ताबा असतो? सातबारा वडिलांच्या नावावर, पीककर्जही त्यांच्याच नावावर. राबणे आणि फेडणे मात्र याच्या वाट्याला. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली रेंगाळत राहिला. पाऊस, भाव, विम्याची रक्कम, भरतीची जाहिरात, यातले काहीही त्याला विचारून येत नाही. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही, म्हणून लग्न लांबते आणि चारचौघांत जाणेही नकोसे होते. 2006 मध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. म्हणजे आजच्या तरुणांचे बालपणच त्या काळजीत गेले.

ही काळजी शरीरात कशी उतरते, हे विज्ञानाने बरेच उलगडले आहे. 1967 पासून ब्रिटनमध्ये सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांचा अभ्यास झाला आणि मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्याचे निष्कर्ष मांडले. साहेब लोक ताणाने मरतात असा सर्वांचा समज होता. निघाले उलटेच. सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही ही सगळी दरी भरून निघत नव्हती. पुढच्या अभ्यासात एक मोठे कारण हाती लागले: स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणे. संकट आले की ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी जोरात चालते, रक्तातली साखर वाढते. संकट टळले की हे सारे ओसरावे, अशी शरीराची रचना आहे. संकट टळतच नसेल तर रक्तदाब चढता राहतो, झोप तुटते, पोटाभोवती चरबी साठते आणि धमन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात सतत ताणाखाली असणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी आलेला दिसला.

मुळे आणखी मागे जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी जास्त. अशा घडणीच्या शरीराला पुढे मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठू शकतात. शिवाय, गरोदरपणी शेतात आणि घरात जास्त राबणाऱ्या मातांची बाळे अधिक लहान होती. आईला न मिळालेला आराम मुलाच्या काळजापर्यंत असा पोहोचतो.

यावर कोणी म्हणेल, तंबाखू सोडणे तर त्या तरुणाच्याच हातात आहे ना? आहे, आणि ती सोडलीच पाहिजे. पण ज्याचा उद्याचा दिवस अनिश्चित आहे, त्याला घटकाभराचा दिलासा सोडणे सर्वांत जड जाते. त्याला नुसता दोष देऊन व्यसन सुटत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंनी काम हवे. तिशीच्या आतल्या मुलांचाही रक्तदाब आणि साखर आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा तपासली जावी. छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर गॅस समजून सोडा पीत बसू नये. तडक 108 ला फोन करावा. आणि त्याच्याच बरोबरीने हमीभावाची खरेदी वेळेवर सुरू व्हावी, विम्याचे पैसे हंगामाच्या आत मिळावेत, गरोदर बाईला मजुरी न बुडता विश्रांती मिळावी. या मागण्या आपण शेतीच्या किंवा महिला-बालकल्याणाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. खरे तर त्या हृदयविकार टाळण्याच्याही मागण्या आहेत, आणि ग्रामसभेत त्या तशाच, आरोग्याच्या नावाने मांडल्या गेल्या पाहिजेत.