शब्दामागचा जामीन

परदेशात नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न विचारू लागतो : इथे भरवशाचं कोण आहे? घर दाखवणारा एजंट, दाताचा डॉक्टर, सामान हलवणारा, व्हिसाचे कागद भरून देणारा, सगळ्यांबद्दल तोच प्रश्न. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाईला, भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथल्या सुपरमार्केटात, बागेत, स्टेशनाबाहेर हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारत असतो. उत्तरादाखल चार नावं मिळतात आणि ती उपयोगीही असतात. पण मूळ प्रश्न तिथेच राहतो, कारण तो अर्धाच विचारलेला असतो. माणूस चांगला की वाईट, एवढंच आपण विचारतो. विचारायला हवं ते असं : या माणसाला त्याच्या शब्दाला बांधून ठेवणारं काय आहे?

आपल्या गावात हे कधी विचारावं लागत नाही, म्हणून सवय नसते. चाळीतली भिशी घ्या. पहिल्याच महिन्यात ज्याची चिठ्ठी निघते त्याच्या हातात सगळी रक्कम पडते आणि पुढचे सगळे हप्ते त्याने भरायचे असतात. कागद नाही, सही नाही. तरी तो भरतो. भिशीतले सगळे सज्जन असतात म्हणून नव्हे. त्याची बायको त्याच जिन्यावर बाकीच्यांना रोज भेटणार असते, मुलं त्याच शाळेत जाणार असतात आणि आज चुकवलेला हप्ता मुलीच्या लग्नाच्या बोलणीत निघेल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नवा माणूस भेटला की आपण आडनाव विचारतो, गाव विचारतो, मग ‘अमक्यांचे कोण तुम्ही?’ असं विचारतो. त्या चौकशीतून स्वभाव कळत नाही. कळतं ते एवढंच, की हा उद्या फिरला तर कुणाच्या दारात जाऊन सांगता येईल.

स्वभावावरचा भरवसा आणि नुकसानीची भीती, या दोन गोष्टी नीट वेगळ्या करून दाखवल्या त्या होक्काइदो विद्यापीठातले समाजमानसशास्त्रज्ञ तोशिओ यामागिशी यांनी. समोरचा फसवणार नाही, कारण फसवलं तर त्याचंच नुकसान आहे, ही झाली हमी. नुकसानीची भीती नसतानाही तो नीट वागेल असं वाटणं, हा विश्वास. जपानी समाजात एकमेकांवर फार विश्वास असतो, असं सगळे धरून चालतात. यामागिशींनी सहसंशोधक मिदोरी यामागिशींसह १९९४ मध्ये मांडलेल्या तुलनेत उलटंच दिसलं : ‘बहुतेक माणसं विश्वासार्ह असतात’ असं मानण्यात अमेरिकन लोक जपान्यांच्या पुढे होते. त्याआधी, त्यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सामायिक कामासाठी पैसे घालायचे होते. न घालणाऱ्याला दंड करायची सोय नव्हती, तेव्हा जपानी सहभागींनी अमेरिकनांपेक्षा कमी सहकार्य केलं. यामागिशींचं म्हणणं असं, की एकमेकांवर लक्ष ठेवणाऱ्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या गटात हमी इतकी भरपूर असते की विश्वास वापरायची वेळच येत नाही. न वापरलेली गोष्ट मग अंगी बाणत नाही.

मला हे वाचताना आपलीच चाळ, आपलीच आळी आठवली. आपणही हमीतच वाढतो आणि तिलाच विश्वास समजतो. विमानात बसलं की ती हमी एका रात्रीत सुटते.

त्यावर आपण बहुधा दोनपैकी एक काहीतरी करतो. पहिलं म्हणजे आपली माणसं गाठणं. यात गैर काही नाही. आजारपणात डबा आणून देणारी, मुलाला शाळेतून घेऊन येणारी माणसं अशीच भेटतात. पण इथली मंडळी भिशी सुरू करतात तेव्हा दिसायला सगळं घरच्यासारखं असतं, भाषा तीच, फराळ तोच, आणि घरची भिशी ज्या आधारावर उभी होती तो आधार मात्र नसतो. प्रोजेक्ट संपला की माणूस सहा आठवड्यांत दुसऱ्या देशात असतो. त्याच्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही, आपल्या गावात त्याला कुणी ओळखत नाही. ‘आपला माणूस’ हे शब्द त्याला कशालाच बांधत नाहीत. ‘तू परत चाललायस, बँकेचं खातं बंद नको करू, मला दे, थोडे पैसे देतो,’ असं सांगणाराही आपलाच कुणी असू शकतो. जपानमध्ये खातं असं विकणं हा गुन्हा आहे. त्या खात्यावरून पुढे फसवणूक झाली तर नाव विकणाऱ्याचं निघतं.

उलट जिथे खरोखर हमी असते तिथे आपल्याला ती ओळखू येत नाही. घर भाड्याने घेतानाचंच पाहा. करार होण्याआधी एजन्सीतल्या परवानाधारक माणसाने घराबद्दलच्या महत्त्वाच्या बाबी समजावून सांगायच्या, असा इथला कायदा आहे. तो समोर बसतो, खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढून टेबलावर आपल्याकडे तोंड करून ठेवतो आणि एकसुरी आवाजात कागद वाचू लागतो. पाणीपुराचा धोका किती, अनामत किती, घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी ‘की मनी’ किती, घर सोडायचं तर किती आधी कळवायचं. तो हसत नाही, गप्पा मारत नाही, मुलाबाळांची चौकशी करत नाही. आता हे ऑनलाइनही होतं, तरी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरावंच लागतं. नवखा माणूस कंटाळतो. त्याला हा कोरडा वाटतो आणि शेजारी बसलेला, ‘तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी बघतो’ म्हणणारा ओळखीचा माणूस मायेचा वाटतो. पण ओळखपत्र दाखवणारा खोटं बोलला तर त्याचा परवाना जाऊ शकतो. त्याच्या एजन्सीला घरमालक आणि भाडेकरू दोघांकडून मिळून सहसा महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आणि वर कर एवढंच घेता येतं. ‘मी बघतो’ म्हणणाऱ्याने शब्द फिरवला तर त्याचं काय जातं? बहुतेक वेळा काहीच नाही.

कोरडेपणाचा असाच गैरसमज नकाराबाबत होतो. दातांतून श्वास ओढत, मान किंचित तिरकी करत जपानी सहकारी ‘जरा अवघड आहे’ म्हणतो, तेव्हा त्याने नकार दिलेला असतो. आपण तो होकार धरतो, महिनाभर थांबतो आणि मग त्याने शब्द मोडला म्हणतो. त्याने शब्द दिलेलाच नसतो.

आपल्याबद्दलही समोरच्याला हाच प्रश्न पडलेला असतो, हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. जपानच्या न्याय मंत्रालयाच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांनी ‘परदेशी’ म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. जपानी जामीन नाही म्हणून नाकारले गेलेलेही साधारण तितकेच. यात दुजाभाव आहेच, तो झाकायचं कारण नाही. पण घरमालकाचा हिशेबही कळतो : हा माणूस भाडं बुडवून निघून गेला तर मी कुणाच्या दारात जाऊ? निशिकासाईची वस्ती याच प्रश्नाच्या उत्तरातून उभी राहिली. २००० सालची संगणकांतली (वायटूके) अडचण सोडवायला भारतीय अभियंते टोकियोत आले, तेव्हा त्यांना घरं मिळेनात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानात असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी घरमालकांशी बोलून त्यांची सोय लावली. अभियंत्यांना मालक ओळखत नव्हते, चंद्राणींना ओळखत होते. शब्द फुकट गेला असता तर त्याच भागात राहणाऱ्या, धंदा करणाऱ्या चंद्राणींची पत गेली असती. जामीन मागत नाही, ‘की मनी’ही घेत नाही अशी यूआर ही निमसरकारी गृहसंस्था आहे. तिच्या इमारतींत भारतीय कुटुंबं इतकी का, याचं उत्तरही त्यातच आहे.

हमी सुटल्यावर आपण धरतो तो दुसरा मार्ग संशयाचा. एकदा फसलं की कुणावरच भरवसा ठेवायचा नाही, असं काही जण ठरवून टाकतात. हे शहाणपणाचं वाटतं, पण यामागिशींचं पुढचं काम नेमकं याच्या विरुद्ध जातं. कुणाबद्दल खटकणारी माहिती हाती आली, तर माणसांवर एरवी विश्वास ठेवणारे तिची दखल संशयी लोकांपेक्षा जास्त घेतात, असं त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. विश्वास ठेवणारा भोळा असतो हा समज तिथे टिकला नाही. मला याचं कारण अनुभवातलं वाटतं. संशयी माणूस व्यवहारच करत नाही, म्हणून त्याला माणसं वाचायचा सराव होत नाही. मग अगदीच गळ्याशी आलं की तो अडाण्यासारखा पहिल्या गोड बोलणाऱ्याला सगळं सोपवतो. विश्वास ठेवणारा छोट्या गोष्टींत ठेवत, पाहत, सुधारत जातो.

म्हणून सुरुवात लहान ठेवावी. व्हिसाचं काम देण्याआधी ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा एखादा प्रश्न विचारावा. ‘हे मला ठाऊक नाही, बघून सांगतो’ म्हणून जो खरंच बघून सांगतो, त्याला पुढचं काम द्यावं. मूळ पासपोर्ट कुणाच्या ताब्यात ठेवू नये, सही करण्याआधी कागद एक रात्र घरी न्यावा. घाई करणाऱ्याला घाईचं कारण विचारावं. शंका आली तर ग्राहकांसाठी १८८ हा क्रमांक आहे आणि कायद्याच्या प्रश्नांसाठी २००६ पासून चालू असलेलं होतेरासु हे सरकारी मदत केंद्र आहे, तिथे परदेशी भाषांतही माहिती मिळते.

आणि जे इथे मुरले आहेत त्यांना एक विनंती. नवखा माणूस भरवशाचं नाव मागतो तेव्हा नुसता फोन नंबर पाठवून मोकळे होऊ नका. तुमचा त्या माणसाशी कोणता व्यवहार झाला, तो कशात नीट वागला आणि कशाचा तुम्हाला अनुभव नाही, तेही सांगा. जमलं तर कराराच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढून त्याच्याबरोबर जा आणि सही होईपर्यंत शेजारी बसा.