उरलेल्या विड्यांचं काय?

परवडणारा सिगार कोणता, असं जळगाव-धुळ्याकडच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाला आधी हसेल. सिगार म्हणजे बाळासाहेब ठाकऱ्यांच्या हातातला, नाहीतर जुन्या सिनेमातल्या खलनायकाच्या. पण प्रश्न वाटतो तितका परका नाही. तंबाखू कागदात गुंडाळली की सिगारेट होते आणि पानात गुंडाळली की सिगार. सिगारचं पान तंबाखूचंच असतं, विडीचं टेंभुर्णीचं. ही टेंभुर्णी आपल्या सातपुड्यातही आहे. तमिळ ‘सुरुट्टु’चं इंग्रजांनी चेरूट केलं, आपण चिरूट केलं; शेरलॉक होम्सने पहिल्याच कादंबरीत राखेवरून ओळखला तो त्रिचनापल्लीचा चिरूटच. आणि आपल्या संसदेने 1966 साली कामगारांसाठी कायदा केला तेव्हा विडी आणि सिगार यांना एकाच नावात बसवलं: विडी व सिगार कामगार अधिनियम. तेव्हा खानदेशातला परवडणारा सिगार म्हणजे विडी, असं म्हणायला हरकत नसावी.

विड्यांचे वेगवेगळे ब्रँड ओढून बघणारा माणूस बहुधा रोज ओढणारा नसतो. रोजच्याचा ब्रँड ठरलेला असतो आणि तो मिळाला नाही तर त्याचा दिवस बिघडतो. ब्रँड बदलून बघण्याची चैन कधीतरी ओढणाऱ्याची. लग्नाच्या आदल्या रात्री, शेतावरच्या भरीत पार्टीला, हायवेवरच्या ढाब्यावर जेवण झाल्यावर तो एखादी पेटवतो. पान कसं आहे, दोरा कुठे बांधलाय, विडी किती कडक भाजली आहे, ओढली नाही तर किती लवकर विझते, यावर त्याची मतं असतात. शौकाला जाणकारीची जोड मिळाली की शौक जरा प्रतिष्ठित वाटू लागतो. विडीच्या नावाबद्दल तर आपण सगळेच जाणकार आहोत. ‘संभाजी विडी’ या नावावरून वाद पेटला आणि 2020 साली कंपनीने नाव बदलायचं जाहीर केलं. महाराजांचं नाव थोटकाबरोबर पायाखाली जातं, ही वेदना खरी होती. ओढणाऱ्याच्या फुप्फुसांवरून मात्र असं आंदोलन कधी पेटलं नाही.

या हौशी माणसाच्या बचावात दोन वाक्यं असतात. पहिलं, ‘मी थोडीच ओढतो.’ दुसरं, ‘माझं मी बघून घेईन.’

पहिल्या वाक्याला वैद्यकशास्त्राने फारशी जागा ठेवलेली नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2018 साली आलेल्या अभ्यासानुसार, दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्याचाही वाढतो. वीसाच्या जागी एक, म्हणून धोका विसावा हिस्सा, असं हे गणित नाही. महिन्याला दोन ओढणाऱ्याचा हिशेब यातून थेट निघत नाही, हे मान्य. पण ‘थोडं म्हणजे शून्य’ असं तर मुळीच निघत नाही. तरी हे प्रकरण त्याच्या स्वतःच्या शरीराचं आहे. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली ‘ऑन लिबर्टी’ लिहून ठेवलं, त्यामागचं तत्त्व इथे लागू पडतं: दुसऱ्याला इजा होत नसेल तर शहाण्या प्रौढ माणसाला त्याच्या भल्यासाठीसुद्धा जबरदस्तीने अडवू नये. तेव्हा पहिलं वाक्य चुकीचं असलं तरी तो त्याचा प्रश्न. सगळा भार दुसऱ्या वाक्यावर येतो. ते खरं आहे का?

इथे विडीचं बंडल आडवं येतं. 24 सप्टेंबर 2020 रोजी महाराष्ट्र सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. इशाऱ्याचं चित्र पाकिटावर असतं, सुट्या नगावर नसतं. शिवाय पोराच्या खिशाला परवडतो तो सुटा नगच. नियम कोणत्या टपरीवर किती पाळला जातो हा वेगळा विषय. पण नियमाने वागायचं तर हौशी माणसाला अख्खं बंडल घ्यावं लागतं. त्यात वीस-पंचवीस विड्या. तो एक ओढतो, फार तर दोन. तीन ब्रँड बघायचे तर तीन बंडलं. पैशाचं काही वाटत नाही. एका बऱ्या सिगारच्या किमतीत डझनभर बंडलं येतील. मग उरलेल्या विड्यांचं काय?

त्या दिल्या जातात. कोणाला, ते बघा. मेव्हण्याला नाही, मुलाला तर नाहीच. जिच्या लग्नाची पार्टी त्या घरच्या डॉक्टर जावयालाही नाही. त्या जातात वॉचमनकडे, रिक्षास्टँडवर, सोबत आलेल्या ड्रायव्हरकडे, मळ्यातल्या सालदाराकडे. ‘घे रे, ठेव तुला.’ घेणाराही खूश असतो. आपल्या भाषेत तर या देण्याला शब्दच आहे: विडीकाडी. कामाच्या माणसाला वर चार पैसे द्यायचे ते ‘विडीकाडीला’. म्हणजे गरिबाच्या हातात वरकड पैसा आला की तो धुरात जाणार, हे भाषेनेच गृहीत धरलंय.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. सालदारही प्रौढ आहे. तो आधीपासून ओढतो, मी न दिल्याने सोडणार नाही. मी ओढायची आणि त्याला ‘तुझ्या तब्येतीला बरं नाही’ म्हणून नाकारायची, हा कुठला न्याय? उलट एका काडीवर दोघांनी विडी पेटवली की मालक-मजूर हे अंतर घटकाभर तरी कमी होतं. बांधावर बसून तंबाखू मळणारा शेजारच्याला चिमूट देतो ती याच मायेने. हे सगळं खरं आहे. पण एका काडीवर पेटवलेल्या दोन विड्या ही सोबत असते. उरलेलं बंडल ही सोबत नव्हे. सोबतीत दोघं सारखं ओढतात. बंडल देऊन एक जण मोकळा होतो आणि दुसरा उद्या, परवा ओढत राहतो.

देण्याघेण्याचा हा फरक खानदेशाला नवा नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. तिथे वस्तू किती मोलाची याला महत्त्व नाही. कोणाला, कुठे, केव्हा आणि कशा मनाने दिली, याला आहे. घेणाऱ्याचा विचार न करता दिलेलं दान तिथे सगळ्यात खालच्या पायरीवर बसतं. उरलेल्या विड्या देताना आपण घेणाऱ्याचा विचार केलेला नसतो, विचार केलेला असतो खिसा रिकामा करण्याचा.

हौशी माणूस मग शेवटचा बचाव काढतो: विडी वळणाऱ्या बाया. सोलापुरात हजारो बायांची चूल विड्यांवर चालते. तिथल्या विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली वसाहत 2006 साली त्यांच्या ताब्यात आली, ती लांबलचक लढ्यानंतर. त्यांची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते. विडी स्वस्त आहे ती या मजुरीमुळे. सरकारही त्यांच्याकडे बोट दाखवतं: सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगार, चिरूट, सिगारेट 40 टक्क्यांच्या गटात टाकले आणि विडीचा कर 28 वरून 18 टक्के ठरवला. पण वर्षाला चार-दोन विड्या ओढणाऱ्याने त्या बायांचं नाव घेऊ नये. नुकसान मोजताना ‘माझ्या एकाने काय होतंय’ आणि उपकार मोजताना ‘माझ्यामुळे चूल पेटते’, ही दोन मापं एकाच दुकानात चालत नाहीत.

ज्याला व्यसन आहे त्याला आपण फार बोलू नये. त्याचा हात त्याचं ऐकत नाही. कधीतरी ओढणारा मात्र मोकळा आहे. तो ओढू शकतो, न ओढू शकतो, आणि म्हणूनच हा प्रश्न पुरतेपणी विचारावा असा धूम्रपान करणारा तोच. विडी ओढूच नये असा या लेखाचा निष्कर्ष नाही. निष्कर्ष फार लहान आहे: एक ओढायची असेल तर उरलेल्या चोवीसही आपल्याच आहेत. त्या मोडून, पाण्यात भिजवून कचऱ्यात टाकाव्यात आणि सालदाराला द्यायचंच असेल तर पैसे द्यावेत, विडीकाडी न म्हणता. असं केलं तर एक विडी अख्ख्या बंडलाच्या भावाला पडते. पडू द्यावी, हौशी माणसासाठी तिची खरी किंमत तेवढीच आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, चांगल्या चोवीस विड्या फुकट घालवायच्या? टाकून दिल्या तर वाया जातात आणि दुसऱ्याच्या छातीत गेल्या तर कामी लागतात, असा तो हिशेब आहे. त्या हिशेबात दुसऱ्याची छाती कुठल्या रकान्यात लिहिली आहे, तेवढं एकदा बघावं.