अर्धपोटी आईचे देणे

चंद्रपूर-गडचिरोलीत स्थूलतेचा विषय काढणे अनेकांना थट्टेचे वाटते. आरोग्याच्या चर्चेत या जिल्ह्यांची ओळख कुपोषणाची. पोट सुटणे हे शहरातल्या सुखवस्तूंचे दुखणे मानले जाते. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ बरेचदा एकच असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनची बाळे सरासरी 3.5 किलोची, इथली 2.7 किलोची. मात्र तूट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती. चरबी त्या मानाने शाबूत होती. गर्भातच टंचाईची सवय लागलेल्या या शरीराला पुढे अन्न मुबलक मिळाले आणि श्रम घटले, की चरबी पोटाभोवती साठते. हातपाय काटकुळेच राहतात. म्हणून युरोपीय माणसासाठी बीएमआय 30 ला सुरू होणारी स्थूलता भारतीयांत 25 लाच धरतात.

जंगलपट्ट्यात कोदो-कुटकीची जागा रेशनच्या तांदळाने घेतली, पायवाटेची दुचाकीने आणि चारोळीची पाच रुपयांच्या पुड्याने. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणी-कारखान्यांच्या पट्ट्यात हे आधीच घडले. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेला ग्रामीण भागातील सुमारे सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा आढळला. त्यामागे वजनापेक्षा रक्तदाब आणि तंबाखू अधिक असेल. पण वाढते पोट रक्तदाबालाच हातभार लावते.

तरीही उपदेश एकच: कमी खा, तोंडावर ताबा ठेवा. ज्याच्या आजाराची सुरुवात जन्माआधीच्या उपासमारीत झाली, त्यालाच खादाड ठरवण्यात मोठा अन्याय आहे.

सरकारी उपाय अर्धेमुर्धे आहेत. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत अतिगोड, अतितेलकट, अतिखारट पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. लहान गावात शाळा आणि किराणा दुकान यांत अनेकदा तेवढे अंतरच नसते. सप्टेंबर 2025 मध्ये साखरयुक्त शीतपेयांवरील जीएसटी 40 टक्के झाला, पण त्याच फेररचनेत नमकीन आणि बिस्किटांवरचा 5 टक्क्यांवर उतरला. आशा सेविका तिशीपुढच्यांची कंबर मोजते. बायकांत 80 आणि पुरुषांत 90 सेंटिमीटरपुढे धोका धरतात. तोवर उशीर झालेला असतो.

मुळावरचा उपाय वेगळ्याच खात्यात नोंदलेला आहे. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे चौरस जेवण देणारी, 2015 ची अमृत आहार योजना स्थूलताविरोधी कार्यक्रमांत मोजली जात नाही आणि तिचा निधीही कुपोषणाच्याच नावावर पडतो.